त्यांची शिंगं, आपल्या आठ्या

फ्रान्समध्ये सिल्वँ एलेन नावाचे एक प्राथमिक शिक्षक आहेत. अंगभर टॅटू, चेहऱ्यावर टॅटू, जिभेवरही टॅटू, आणि डोळ्यांचा पांढरा भाग काळा करून घेतलेला. २०१९ मध्ये, ते पॅरिसजवळच्या एका शाळेत असताना, तीन वर्षांच्या एका मुलाच्या पालकांनी तक्रार केली की या सरांना पाहिल्यापासून मुलाला वाईट स्वप्नं पडतात. मुलगा त्यांच्या वर्गातला नव्हता. काही महिन्यांत शिक्षण खात्याने सांगून टाकलं, की सहा वर्षांखालच्या मुलांना यापुढे तुम्ही शिकवायचं नाही. मोठ्या मुलांना शिकवायला हरकत नाही.

वाचताना हा निर्णय समंजस वाटतो. नोकरी गेली नाही, पगार थांबला नाही, चिमुरड्यांची झोप वाचली. समंजस वाटतो म्हणूनच तो नीट तपासून बघायला हवा. ते कसं शिकवतात, मुलांशी कसं वागतात, हे प्रश्न त्यात कुठेच नाहीत. ज्या देशात २००१ पासून दिसण्यावरून नोकरीत भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, तिथे हे घडलं. मुलाची भीती खरी असणार, याबद्दल मला शंका नाही. पण तीन वर्षांची मुलं दाढीला घाबरतात, मुखवट्याला घाबरतात, पांढरा कोट घातलेल्या डॉक्टरांना पाहून टाहो फोडतात. त्यावर आपण दाढीवाल्यांची बदली करत नाही. मुलाला उचलून घेतो, ओळख करून देतो, आणि चार दिवसांत तेच मूल त्या दाढीशी खेळायला लागतं. इथे मात्र मोठ्यांनी मुलाच्या पहिल्या दचकण्यालाच निकालाचा दर्जा दिला. माझा आक्षेप त्याला आहे.

दचकणं कुणाच्या हातात नसतं. २००६ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, आक्रमक वाटतो का? एवढ्याशा वेळात बनलेली मतं, वेळेचं बंधन नसताना बनलेल्या मतांशी बरीच जुळली. जास्त वेळ दिला तेव्हा मत फारसं हललं नाही, स्वतःच्या मताबद्दलची खात्री तेवढी वाढली. मला या प्रयोगातली हीच गोष्ट अस्वस्थ करते. आपल्याला वाटतं आपण माणूस निरखतोय, पारखतोय. बऱ्याचदा आपण आधीच लागलेल्या निकालाला पुरावे गोळा करत असतो.

आणि या झटपट निकालाला शास्त्राची झूल चढवणारे लोक प्रत्येक काळात भेटतात. एकोणिसाव्या शतकात इटालियन डॉक्टर चेझारे लोंब्रोसो यांनी जबडा, कपाळ, कान यांच्या ठेवणीवरून 'जन्मजात गुन्हेगार' ओळखता येतो असा सिद्धांत मांडला. १८७६ मध्ये तो छापून आला आणि युरोपभर गाजला. गुन्हेगारी वृत्तीच्या खुणांमध्ये त्यांनी टॅटूही घातले होते. तुरुंगात जाऊन टॅटू शोधले, तुरुंगात टॅटू सापडले, सिद्धांत तयार! त्याच सुमाराला, १८८१ मध्ये, ब्रिटिश राजपुत्र जॉर्ज, म्हणजे पुढचे राजे पाचवे जॉर्ज, जपानच्या भेटीत हातावर ड्रॅगन गोंदवून आले. त्यांच्या हातावरून त्यांच्यातली गुन्हेगारी वृत्ती कुणी मोजल्याचं ऐकिवात नाही. आपला तो बाब्या.

एक जुनी तक्रार इथेच निकालात काढतो, की ही सगळी आजकालच्या पिढीची थेरं आहेत. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा जो माणूस 'ओत्झी' म्हणून ओळखला जातो, त्याच्या अंगावर ६१ टॅटू आहेत. पुढे चला.

खरा प्रश्न टॅटूचा राहिलेलाही नाही. दंडावरच्या फुलपाखराला आता कुणी काही म्हणत नाही. प्रश्न आहे तो टोकाच्या बदलांचा. कपाळाच्या कातडीखाली इम्प्लांट बसवून काढलेली शिंगं, सापासारखी मधोमध दुभंगलेली जीभ, कानशीत घासून टोकदार केलेले दात, कापून टाकलेले कान. यावर आपली पहिली प्रतिक्रिया असते, 'किती वेदना! शरीराशी असा खेळ करतात का?' ही काळजी प्रामाणिक आहे का, हे तपासायचा एक सोपा मार्ग आहे. तितक्याच वेदना, तितकाच धोका, पण दिशा वेगळी असेल तेव्हा आपण काय म्हणतो?

उंची वाढवण्याची शस्त्रक्रिया घ्या. सोव्हिएत डॉक्टर गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात कुर्गान शहरात एक तंत्र विकसित केलं. हाड कापायचं, त्याभोवती धातूची चौकट बसवायची आणि दोन्ही तुकडे दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने एकमेकांपासून दूर सरकवायचे. मधल्या फटीत नवं हाड तयार होत जातं. अपघाताने किंवा जन्मतः पाय आखूड असलेल्यांसाठी हे वरदान ठरलं. आज याच तत्त्वावर धडधाकट पायांची हाडं कापून घेतली जातात, केवळ चार-सहा सेंटिमीटर उंच दिसण्यासाठी. कित्येक महिने धड चालता येत नाही, नसा आणि सांधे यांना धोका, जंतुसंसर्गाची भीती, वेदनांचं तर विचारूच नका. हे करून आलेल्या माणसाला आपण विकृत म्हणत नाही. कळलंच तर म्हणतो, 'बिचाऱ्याला न्यूनगंड होता, आता आत्मविश्वास आला.' जीभ दुभंगून घेतलेल्या माणसाचा आत्मविश्वास मात्र आपल्या खिजगणतीत नसतो.

याहून नेमकं उदाहरण ओर्लां या फ्रेंच कलावतीचं. १९९० ते १९९३ या काळात तिने एकामागून एक प्लास्टिक सर्जरी करून घेतल्या, फक्त त्या भागापुरती भूल घेऊन, स्वतः जागी राहून, कॅमेऱ्यासमोर. त्यातल्या १९९३ च्या शस्त्रक्रियेत तिने कपाळाच्या दोन्ही बाजूंना इम्प्लांट बसवून घेतले, त्यामुळे तिथे दोन ठळक उंचवटे आले. हे इम्प्लांट मुळात गालाची हाडं उठावदार दिसावीत म्हणून बनवलेले असतात. वस्तू तीच, हत्यारं तीच, शल्यविशारदाचं कौशल्य तेच. फक्त जागा काही सेंटिमीटर वर सरकली. गालावर बसले असते तर सौंदर्य, कपाळावर बसले तर वेड? मला या दोन उंचवट्यांपुढे आपली 'काळजी' उघडी पडलेली दिसते. आपला राग वेदनेवर नाही, धोक्यावरही नाही. जो बदल गर्दीकडे सरकतो तो आपण माफ करतो, कारण त्यात आपल्या पसंतीची विनवणी असते. गर्दीपासून दूर सरकणाऱ्या बदलाने आपल्याला काहीच विचारलेलं नसतं, आणि ते आपल्याला झोंबतं.

इथे एक हुकमी उत्तर येतं, 'हात दाखवून अवलक्षण! जन्मतः काही व्यंग असेल तर गोष्ट वेगळी. याने स्वतःहून केलं, मग लोक बघणारच, कामं मिळणार नाहीत, भोगावं.' मराठीत म्हण तयार असल्यामुळे युक्तिवाद सोपा वाटतो. तो दोन ठिकाणी फसतो.

पहिली जागा थोडक्यात सांगण्यासारखी. स्वतःहून निवडलेल्या गोष्टीचं संरक्षण करायचं नाही, असा नियम आपण दुसरीकडे कुठे लावतो? धर्म बदलता येतो, पोशाख निवडता येतो, दाढी-जटा वाढवणं न वाढवणं आपल्या हातात असतं. यावरून कुणाला घर नाकारलं तर 'त्यानेच ओढवून घेतलं' असं म्हणायची आपली हिंमत होत नाही, निदान चारचौघांत.

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. नजर कारण विचारत नाही. सेकंदाच्या दहाव्या भागात आपल्याला कळत नाही की समोरच्या चेहऱ्यावरचे उंचवटे हौसेने बसवलेत, की न्यूरोफायब्रोमॅटोसिससारख्या आजाराने आलेत. नाक नाही ते कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गेलं, की आगीत गेलं, की कुणी हट्टाने काढून घेतलं, हेही कळत नाही. भुवया त्याआधीच उंचावलेल्या असतात, पाऊल आधीच मागे पडलेलं असतं, शेजारची रिकामी खुर्ची आधीच रिकामी राहिलेली असते. 'त्याने निवडलं' हा युक्तिवाद नंतर, सावकाश, आपल्या समाधानासाठी येतो. विचित्र दिसणाऱ्याला टाळण्याची सवय एकदा अंगी मुरली की ती स्वखुशीने बदललेल्यांपुरती थांबत नाही.

याचा लेखी पुरावाही इतिहासात आहे. १८६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने आणि नंतर इतर काही अमेरिकी शहरांनी असे नियम केले, की रोगाने ग्रासलेल्या, अवयव गमावलेल्या, दिसायला किळसवाण्या व्यक्तींनी सार्वजनिक जागी लोकांच्या नजरेस पडू नये. शिकागोचा असा नियम १८८१ चा, आणि तो रद्द झाला १९७४ मध्ये. माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर! त्या नियमांमध्ये कुणावर गुन्हा केल्याचा आरोप नव्हता. 'बघवत नाही' एवढाच गुन्हा होता. आणि तो जडला कुणावर, तर भीक मागणाऱ्या अपंगांवर, ज्यांनी आपल्या शरीरातलं काहीही निवडलेलं नव्हतं.

जपानमधल्या सार्वजनिक स्नानगृहांची गोष्ट याच जातीची, जरी तिथला हेतू वेगळा होता. टॅटू म्हणजे याकुझा या गुन्हेगारी टोळीचा माणूस, या समजुतीतून टॅटूवाल्यांना प्रवेश नाकारायची पद्धत अनेक ठिकाणी पडली. २०१३ मध्ये होक्काइडोत आदिवासी भाषांच्या परिषदेसाठी आलेल्या, न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या एका पाहुण्या बाईंना चेहऱ्यावरच्या परंपरागत गोंदणामुळे अशाच एका ठिकाणाहून परत पाठवलं गेलं. टोळीचा आणि त्यांचा संबंध काय? पण नियम शाईकडे बघत होता. माओरी गोंदण वंशावळ सांगतं, त्याला हौशी शरीरबदलांच्या रांगेत बसवणं अनेक माओरींना रुचणार नाही, आणि ते योग्यच आहे. मुद्दा इतकाच की दारावरच्या माणसाला हा फरक कळायला वाव नव्हता. हनुवटीवर तेच गोंदण असलेल्या ननाइया माहुता २०२० मध्ये न्यूझीलंडच्या परराष्ट्रमंत्री झाल्या. जगभरच्या मुत्सद्द्यांना त्या हनुवटीकडे बघत चर्चा करायची सवय झाली. तेव्हा नजरेला सवय लागते, ही आशा भाबडी नाही.

एवढं सगळं बोलून झाल्यावर शरीरबदलांचे खंदे समर्थक मला आपल्यातला समजतील. तसं नाही. 'माझं शरीर, माझी मर्जी, मध्ये कुणी बोलायचं नाही' ही घोषणा मला अपुरी वाटते, कारण यातले टोकाचे बदल कुणी एकटा क्वचितच करतो. दुसऱ्या कुणाच्या तरी हातात सुरी असते, आणि त्या हाताबद्दल समाजाने बोललंच पाहिजे.

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनचा खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. टॅटू आणि पिअर्सिंगचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाने गिऱ्हाइकांच्या मागणीवरून एकाचा कान कापला, एकाचं स्तनाग्र काढलं, एकीची जीभ दुभंगली. वैद्यकीय शिक्षण नाही, भूलतज्ज्ञ नाही. गिऱ्हाइकांची संमती होती, लेखी होती. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की एवढ्या गंभीर इजेला संमती हा बचाव होऊ शकत नाही. पुढच्या वर्षी त्याला ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या अनेक समर्थकांना हा निकाल अन्यायाचा वाटला. मला तो पटतो. कान कापताना रक्तस्राव थांबला नाही तर काय करायचं, हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती हत्यार देणं म्हणजे स्वातंत्र्य, असं मला वाटत नाही. डोळ्यात शाई टोचण्याचंही तेच. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली सुईने रंग सोडायचा असतो. सुई जरा खोल गेली की दृष्टी धोक्यात. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने २०१७ मध्ये यावर बंदी घातली, आणि तिच्याविरुद्ध मला काही म्हणायचं नाही.

पण या खटल्यात एक गोष्ट झाली नाही, ती लक्षात ठेवावी. ज्यांनी कान कापून घेतला त्यांच्यावर कुणी खटला भरला नाही. कायद्याचा रोख कापणाऱ्या हातावर होता, कापलेल्या चेहऱ्यावर नाही. रोजच्या व्यवहारात आपण बरोबर उलटं करतो. कापणारा कोण, परवाना कुणाचा, वय पाहिलं का, याची चौकशी कुणी करत नाही, आणि चेहरा घेऊन रस्त्यावर उतरलेल्याला जन्मभराची शिक्षा. चोर सोडून संन्याशाला फाशी. वयाच्या बाबतीत तर आपली वृत्ती फारच मजेशीर आहे. ब्रिटनने १९६९ मध्येच अठरा वर्षांखालच्यांना टॅटू काढायला बंदी केली, ते रास्त झालं. पण सज्ञान माणसाने स्वतःच्या मर्जीने केलेल्या बदलावर तुटून पडणारे लोक, लहानग्यांच्या शरीरावर रूढीपायी काय काय केलं जातं याबद्दल चिडीचूप असतात. चीनमध्ये शतकानुशतकं मुलींचे पाय मोडून बांधले गेले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आणि ते 'सुंदर' होतं.

एका ठिकाणी माझं मत अजून पक्कं होत नाही. स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कच्या रुग्णालयात रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदांनी १९९७ आणि १९९९ मध्ये दोन माणसांचे निरोगी पाय कापले, त्यांच्याच आग्रहावरून. आपला हा अवयव आपला नाहीच, असं आयुष्यभर तीव्रतेने वाटत राहण्याचा हा विकार, आता जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आला आहे. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि रुग्णालयाने अशा शस्त्रक्रिया थांबवल्या. डॉक्टरांचं म्हणणं होतं, की आम्ही नाही म्हटलं तर अशी माणसं स्वतःच पाय रेल्वेखाली घालतील. यात कुणाची बाजू घ्यावी? मला इतकंच म्हणता येतं, की हा प्रश्न रुग्ण, मानसोपचारतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी बंद खोलीत महिनोन् महिने बसून सोडवायचा आहे. ज्याने नंतर कृत्रिम पाय लावला, त्याला कामावर ठेवायचं का, हा त्यातला प्रश्नच नव्हे.

तेव्हा कामाकडे येऊ, कारण नजरेचं रूपांतर नुकसानीत होतं ते बहुधा तिथे. कामाच्या जागी काही बंधनं लागतात, हे उघड आहे. फिरत्या यंत्रापुढे लोंबती कडी नकोत. शस्त्रक्रियागृहात मनगटावर धातू नको. एमआरआय यंत्राच्या खोलीत तर नकोच नको. ही बंधनं कामातून निघालेली आहेत आणि राजबिंड्या माणसालाही लागू आहेत. दुसरं एक बंधन मी स्वतः मागेन. कुणी कपाळावर स्वस्तिक, शुभचिन्ह म्हणून नव्हे तर हिटलरच्या पक्षाचं चिन्ह म्हणूनच कोरून घेतलं असेल, तर त्या माणसाला शिक्षक म्हणून घेऊ नये. ते दिसणं राहिलेलं नाही, ते विधान आहे, आणि विधानावरून माणसाबद्दल मत बनवणं म्हणजे त्याला गांभीर्याने घेणं. शिंगं कुणाचा द्वेष करत नाहीत.

पण बहुतेक नियम या दोन्हींत बसत नाहीत. ते 'ग्राहकांना आवडत नाही' या गटात मोडतात. अमेरिकेत २००४ मध्ये एका केंद्रीय अपील न्यायालयाने, भुवईतली कडी काढायला नकार देणाऱ्या कॉस्टको कंपनीच्या कर्मचारी बाईंचा दावा फेटाळला. शरीरबदल हा माझ्या पंथाच्या श्रद्धेचा भाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने कंपनीचा सार्वजनिक चेहरा जपण्याचा हक्क मोठा मानला. म्हणजे कंपनीचाही चेहरा असतो आणि तो जपायचा असतो. बाईंनी मात्र आपला बदलावा. पंधरा वर्षांनी, २०१९ मध्ये, एअर न्यूझीलंडने कर्मचाऱ्यांच्या दिसणाऱ्या टॅटूंवरची बंदी उठवली. त्यामुळे प्रवाशांनी विमानात बसायचं सोडलं नाही. 'ग्राहकांना आवडणार नाही' ही भीती दाखवणारे ग्राहकांना विचारतात कधी? स्वतःच्या नापसंतीला ग्राहकाचं नाव दिलं की ती धोरण वाटायला लागते, एवढाच त्यातला सोयीचा भाग आहे. काळ्या माणसाला दुकानात ठेवलं तर गिऱ्हाईक येणार नाही, हेही एकेकाळी असंच व्यवहारी तोंड करून सांगितलं जायचं.

मला स्वतःला काळे केलेले डोळे बघवत नाहीत, आणि ते आवडून घ्यावेत असा आग्रह मला कुणी करू नये. नावड हा माझा खाजगी मामला आहे. पण ज्याच्या हाती नोकरी, भाड्याचं घर किंवा वर्गातली जागा आहे त्याची नावड खाजगी राहत नाही. त्याने दिसण्यावरचा प्रत्येक नियम का केला ते कागदावर लिहावं. कामाला नेमका कुठे अडथळा येतो, कुणाला इजा होते, पूर्वी झाली होती का? लिहायला बसलं की बरेच नियम तिथेच गळून पडतील. आणि कागदावर शेवटी 'लोकांना कसंतरी वाटतं' एवढंच उरत असेल, तर तो नियम काढून टाकावा, आणि त्यानंतर ज्यांना कसंतरी वाटेल त्यांना ते खुशाल वाटू द्यावं.